मर्ल जाका आणि क्लबातली आग

मर्ल जाका यारकूना स्टेशनच्या उपाहारगृहात चहा द्यायची. अ‍ॅडलेडहून येणारी मोठ्या गेजची गाडी यारकूनाला संपायची आणि डोंगरातल्या खाणींकडे जाणारी नॅरोगेज तिथून सुटायची. सगळ्या उतारूंना सामान उचलून फलाट ओलांडावा लागे, आणि त्या धांदलीत ज्याला त्याला चहा हवा असे. मर्ल कप काठोकाठ भरायची, गर्दीतून हात लांब करून द्यायची, आणि बशीत थेंबही पडायचा नाही. नवरा कॉलिन इंजिनशेडमध्ये फिटर होता. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल गावात कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

आमचा मॉडेल रेल्वे क्लब अडुसष्ट साली निघाला. नॅरोगेज उखडणार अशी पक्की बातमी आली होती. ज्यांची हयात त्या रुळांवर गेली ती माणसं रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमली. खरी लाइन जाणार असेल तर छोटी का होईना, आपण बांधून ठेवू, असं ठरलं. यारकूनाच्या फलाटापासून खाणीच्या तोंडापर्यंत सगळं हवं : बोगदा, पाण्याची टाकी, मेंढ्या चढवायचे धक्के, आणि कोरड्या नदीवरचा तो उंच लाकडी पूल.

निवृत्त स्टेशनमास्तर लायल हॉस्किंग अध्यक्ष झाला. फलाटावर जसा वागायचा तसाच तो क्लबात वागायचा. शिट्टी तेवढी नव्हती. नियम त्याने पहिल्याच दिवशी सांगितले. बायका येऊ शकतात, चहाचं बघतील, केक आणतील, आणि हौस असेल तर झाडं करतील. रूळ, तारा, इंजिनं हे पुरुषांचं काम.

मर्लने झाडं केली. माळावरच्या सॉल्टबुश झुडपांच्या वाळक्या काटक्या आणायच्या, डिंकात बुडवायच्या, रंगवलेल्या लाकडी भुश्यात घोळवायच्या. अख्खा डोंगर तिने झाडांनी भरला. लायल आल्यागेल्याला दाखवायचा, "हे बघा, आमच्या मिसेस जाकांचं बागकाम."

लाकडी पूल बांधत होता व्हर्न क्लाइनिग. नॅरोगेजवरचा जुना गार्ड, उंच, वाकलेला, बोलायला कमी. खऱ्या पुलाला जितक्या तुळया तितक्याच आपल्या पुलाला हव्यात, म्हणून तो एकेक काडी तासून बसवायचा. कित्येक वर्षं चाललं होतं त्याचं. एका शनिवारी त्याच्या हातातली बारीक तार खाली पडली. मर्लने ती चिमट्याने उचलून त्याच्यापुढे धरली आणि तो हाती घेईपर्यंत तशीच धरून ठेवली.

व्हर्न तारेकडे न बघता तिच्या हाताकडे बघत राहिला.

"हात बघू तुझा."

"कशाला? भविष्य सांगताय की काय?"

"तुझं भविष्य सांगायला हात कशाला लागतो? चहा देत म्हातारी होशील. बघू दे." त्याने तिचं मनगट उचललं. "हलत नाही. लायलचा हात पाहिलायस? तो सांधा जोडायला बसला की धरणीकंप झाल्यासारखी लाइन हलते."

मर्ल हसली. लायलने तिकडून विचारलं, "काय चाललंय तिकडे?"

"मिसेस जाका केक किती उरला ते सांगतायत," व्हर्न म्हणाला.

त्यानंतर बुधवारच्या दुपारी, शेडमध्ये कोणी नसताना, व्हर्न तिला सोल्डरिंग शिकवायला लागला. पितळ घासून स्वच्छ कसं करायचं, तापलेलं आयर्न किती वेळ टेकवायचं, डाख पाण्यासारखा कधी पळतो. ती पटकन शिकली. तो वाईट झालेल्या जोडाला वाईट म्हणायचा आणि चांगल्याला काहीच म्हणायचा नाही, त्यामुळे गप्प बसला की तिला बरं वाटायचं. काही महिन्यांनी त्याने आपल्याकडची शेडची जादा किल्ली तिला देऊन टाकली.

"माझी वाट बघत बसू नकोस. ये, काम कर, जा. फक्त कुणाला बोलू नकोस. लायलशी भांडायची मला हौस नाही."

मर्लने विकत मिळणाऱ्या कापीव पितळी पत्र्यांचं एक छोटं इंजिन बांधायला घेतलं. यारकूनाच्या शेडमध्ये कॉलिन दुरुस्त करायचा त्याच जातीचं. पुरं झालं की शनिवारी सगळ्यांसमोर रुळांवर ठेवायचं आणि लायलचं तोंड बघायचं, एवढाच तिचा बेत होता. उपाहारगृहात काम करताना ती कधीकधी एकटीच हसायची.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात क्लबाचं मोठं प्रदर्शन ठरलं. पुलाच्या दोन्ही अंगांच्या डोंगराला नवं प्लास्टर केलं होतं आणि थंडीमुळे ते वाळेना. बुधवारी सकाळी व्हर्नने घरचा रॉकेलचा हीटर आणून डोंगराशेजारी लावला आणि दुपारी जेवायला घरी गेला. प्रदर्शन होईपर्यंत येत नाही असं मर्ल त्याला म्हणाली होती, पण दुपारनंतर ती आली. शेडमध्ये इतका गारठा होता की बोटं वळेनात. शेकावं म्हणून तिने हीटरवर हात धरले. हीटर विझलेला होता, पत्राही गार होता. मग तिने आयर्न लावलं, इंजिनाच्या टाकीची एक कड जोडली, दुसरी जोडायला घेतली, तेवढ्यात बाहेर लायलची गाडी थांबली.

त्या क्षणी तिला एवढंच कळलं की आपण सापडलो. इंजिन एप्रनमध्ये गुंडाळलं आणि ती मागच्या दाराने निघाली. लायल आत आलाही नाही. इन्स्टिट्यूटमधल्या घडीच्या खुर्च्या त्याने दाराशी टेकवल्या, कुलूप ओढून बघितलं आणि गेला. पण तोवर मर्ल स्टेशनपर्यंत पोचली होती.

आयर्नची आठवण तिला झाली ती अ‍ॅडलेडची गाडी फलाटाला लागल्यावर. हातात किटली होती, समोर रांग होती. गरम आयर्न तिने त्याच्या तारेच्या घोड्यावर ठेवलं होतं की तसंच टेबलावर टाकलं होतं? टेबलावर भुसा होता, डिंकाची बाटली होती. ती मला पुढे म्हणाली, "पळत गेले असते तर पोचले असते. शेड काय लांब नव्हती. पण काउंटर सोडून कुठे निघालीस, असं कुणीतरी विचारलं असतं. मी म्हटलं, ही एवढी रांग संपू दे. एवढी एक रांग." रांग संपली आणि गाडी सुटली, तेव्हा फलाटावरच्या हमालाने इन्स्टिट्यूटकडे बोट दाखवलं. धूर वर चढत होता.

पत्र्याची शेड, आत लाकूड, कागद, डिंक, वाळक्या काटक्यांचं जंगल. गावातले स्वयंसेवक बंब घेऊन आले तोवर छप्पर आत बसलं होतं. कोणाला इजा झाली नाही. पण लाइन गेली, बोगदा गेला, पूल गेला. माणसं जळक्या पत्र्यांभोवती उभी होती. रेल्वेत काम केलेले धट्टेकट्टे पुरुष, एकमेकांकडे न बघता नाकं पुसत होते.

मर्लने बंबवाल्यांसाठी उपाहारगृहातून चहाची किटली आणली होती. ती लायलच्या कपात चहा ओतत असताना व्हर्न पुढे आला. त्याने टोपी काढली.

"हीटर मी लावला होता," तो म्हणाला. "जेवायला जाताना विझवला असं मला वाटत होतं. विझवला नसणार. माझ्या हातून झालं हे."

लायलने फक्त मान फिरवली. मर्लच्या हातून चहा लायलच्या बुटांवर सांडला.

"राहू दे," लायल म्हणाला. "आज सगळ्यांचेच हात कापतायत."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. हीटर गार होता, मी हात लावून बघितलाय. एवढं वाक्य. पण ते बोललं की पुढे येणारच : तू तिथे काय करत होतीस, किल्ली कुणी दिली, आयर्न कुणी लावलं. ती किटली घेऊन पुढच्या माणसाकडे गेली.

आठवडाभराने तिने कॉलिनला सांगितलं. त्याने हातातला बूट खाली ठेवला.

"कुणी बघितलं तुला?"

"नाही."

"मग गप्प बस. मला रोज शेडमध्ये त्याच लोकांत उभं राहायचंय. व्हर्नला काय तुरुंगात नाही टाकलेलं. विसरतील सगळे."

पुढे कॉलिन गेल्यावरसुद्धा तिने त्याच्यावर कधी ढकललं नाही. "तो गप्प बस म्हणेल म्हणूनच मी त्याला सांगितलं," ती म्हणायची. "दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जा आणि बोल."

व्हर्नने क्लबाचा राजीनामा दिला आणि आपली हत्यारं, चिमटे, कानशी, सगळी पेटी क्लबाला देऊन टाकली. परत त्याने छोट्या गाडीला हात लावला नाही.

क्लब मात्र उभा राहिला. रेल्वेने स्टेशनचे कंदील ठेवायच्या जुन्या दिवाखोलीची जागा दिली आणि पुन्हा पहिल्यापासून काम सुरू झालं. माणसं कमी पडत होती. मर्ल जाऊन लायलला म्हणाली, मला सोल्डरिंग येतं. लायलने विचारलं, कुठे शिकलीस? पोर्ट पिरीला माझ्या भावाकडे, ती म्हणाली. हे दुसरं खोटं, आणि तिच्या मते पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्या वेळी ती नुसती गप्प राहिली होती. या वेळी व्हर्नने दिलेली विद्या तिने चारचौघांत दुसऱ्याच्या नावावर घातली होती, आणि तेही व्हर्नच्याच पेटीतला चिमटा हातात धरून.

ती झपाटल्यासारखी काम करायची. सांधे, सिग्नल, शेडपुढचे इंजिन वळवायचे फिरते रूळ, सगळं तिच्या हातचं. आधी तिला सभासद करून घ्यावं लागलं, मग चिटणीस. लायल थकल्यावर तीच अध्यक्ष झाली. मी गावच्या शाळेत गणित शिकवायला आलो आणि क्लबात जायला लागलो तेव्हा ती अध्यक्ष होती. कोणी तिचं कौतुक केलं की ती उठून कप धुवायला जायची. आम्हाला वाटायचं, काय साधी बाई आहे.

पूल तेवढा तिने कुणाला बांधू दिला नाही. नदीच्या जागी सपाट माळ केला. विचारलं तर म्हणायची, "तसा कोणाला जमणार नाही."

क्लबात एक बोलायची पद्धत पडली होती. घरी जाताना शेवटचा माणूस दिवे, बटणं बंद करायचा, आणि दुसरा कोणीतरी विचारायचा, "व्हर्न नाही ना केलास?" कुणी काही विसरलं की, "लेका, व्हर्न केलास." स्विचबोर्डच्या वर कुणीतरी पाटीच लावली होती : 'व्हर्न करू नका'. हे सगळेच म्हणायचे. नव्या पोरांना तर व्हर्न हे माणसाचं नाव आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. एकदा पबमध्ये एका नव्या सभासदाने गाडीचे दिवे चालू राहिल्याबद्दल मित्राला हाक मारली, "अरे, व्हर्न केलास की!" कोपऱ्यात बसलेल्या उंच म्हाताऱ्याने ग्लास खाली ठेवला, टोपी घातली आणि बाहेर पडला. मर्ल त्या वेळी तिथे होती. तिने अध्यक्ष या नात्याने ती पाटी काढायला लावली असती तर कोण अडवणार होतं? पण काढताना कारण सांगावं लागेल, असं तिला वाटायचं. ती पाटीखालून जाताना वर बघायची नाही.

व्हर्नची बायको हेडी चर्चच्या विक्रीत मुरंबे मांडायची. एके वर्षी मर्ल क्वॉनडाँग या रानफळाच्या मुरंब्याची बरणी घ्यायला थांबली, तर हेडी आपणहून बोलायला लागली.

"तुमच्या क्लबात हिवाळ्यात गरम असतं ना गं? आमच्याकडे नाही. व्हर्न घरात शेगडी पेटवू देत नाही. हीटर नाही, काही नाही. कोट घालून बसतो आम्ही. बाहेर पडायचं म्हटलं तर चूल बघायला तीनतीनदा माघारी फिरतो. आमची लेक एल्का तर आता मुलं आमच्याकडे ठेवतच नाही. म्हणते, बाबा विसरतात." हेडीने बरणी कागदात गुंडाळली. "विसरत नाही गं तो. मी त्याला म्हणते, तू विझवला असशील. तू काही विसरणारा नाहीस. की अंगावर ओरडतो."

मर्लने ती बरणी घरी नेली. ती कधी उघडली नाही. हेडी पुढे दोन हिवाळ्यांनी न्यूमोनियाने गेली. प्रेतयात्रेत मर्ल होती. व्हर्नने तिचा हात हातात घेऊन "आलीस, बरं केलंस" म्हटलं.

त्र्याण्णव साली क्लबाला पंचवीस वर्षं झाली. समारंभासाठी कमिटीने चहाचे मोठे कप करून घ्यायचे ठरवले होते. मर्ल तेव्हा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी अ‍ॅडलेडला होती. परत आली त्या आठवड्यात खोकी आली. खजिनदार ग्रॅन्ट टॉन्किनने एक कप काढून हसत हसत तिच्या हातात दिला. एका बाजूला इंजिनाचं चित्र, दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत 'व्हर्न करू नका'.

"कसाय? सगळ्या गावात वाटायचे," ग्रॅन्ट म्हणाला.

मर्लने कप फिरवून फिरवून बघितला. "सगळ्या गावात," ती म्हणाली. "त्याच्या घरीसुद्धा एक द्याल ना?"

"कुणाच्या?"

तिने कप खोक्यात ठेवला आणि कोट घेतला. आम्हाला वाटलं, टाके दुखत असतील.

ती सरळ व्हर्नच्या घरी गेली. दुपार होती, ढगाळ, माळावरून बोचरा वारा येत होता. व्हर्न स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून रेडिओ ऐकत बसला होता. चुलीजवळच्या भिंतीत जिथे हीटरची जागा होती तिथे फळी ठोकलेली होती.

"ये, पोरी. बस. चहा करतो. थांब, किटलीची वायर बघतो आधी."

"चहा नको. रेडिओ बंद करा, व्हर्न. मला बोलायचंय."

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. वाटेत तिने मनाशी पुष्कळ सजवलं होतं, पण बाहेर आलं ते नुसतं एकामागून एक. बुधवार. आयर्न. लायलची गाडी. मागचं दार. रांग. मग एखाद्या अपघाताची चौकशी करावी तसे व्हर्नने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"टेबलाच्या कोणत्या टोकाला बसली होतीस?"

"खिडकीकडच्या."

"भुश्याचा डबा उघडा होता?"

"हो."

"हीटर?"

"विझलेला. मी शेकायला हात धरले होते. पत्रा गारठलेला होता."

"गार होता."

"हो."

"म्हणजे मी विझवला होता."

"हो, व्हर्न."

"मी विझवला होता," तो पुन्हा म्हणाला, तिला नव्हे. त्याने टेबलावरची मीठदाणी उचलली आणि परत होती तिथेच ठेवली. "हेडी म्हणायची."

"मला माहीत आहे. मला तिने सांगितलं होतं."

तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "तुला सांगितलं होतं? आणि तू काय केलंस?"

"मुरंबा घेतला आणि घरी गेले."

व्हर्नचा आवाज चढला नाही. "मी तिच्यावर ओरडायचो, मर्ल. ती माझी बाजू घ्यायची आणि मी तिच्यावर ओरडायचो. या घरात खोकून खोकून गेली ती. मी शेगडी पेटवली नाही."

मर्ल रडत होती. तो म्हणाला, "रडू नकोस इथे. ते तुझ्या घरी कर."

ती दाराशी पोचल्यावर त्याने हाक मारली. "क्लबाला सांगशीलच. पण आधी एल्काला सांग. फोनवर नाही. समोर उभी राहून."

एल्का व्हायआला शहरात राहायची. पोलादाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये सुपरवायझर होती, चाळिशी उलटलेली, बापासारखीच उंच. मर्ल दुसऱ्या दिवशी बसने गेली. एल्काने तिला घरात घेतलं नाही. अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारी उभं राहूनच ऐकलं.

"माझी पोरं मोठी झाली आता," ती शेवटी म्हणाली. "थोरला खाणीवर आहे. पोरं लहानपणी सुट्टी लागली की आजोबांकडे जायचं म्हणून रडायची. मी नाही पाठवलं. मी म्हणायची, आजोबा घर जाळतील. पोरांसमोर म्हणायची. बाबांसमोरसुद्धा म्हटलंय एकदा." तिने दोरीवरचा एक ओला टॉवेल ओढून काढला आणि विनाकारण पिळला. "तुम्हाला शिव्या द्याव्यात तर माझंच तोंड आडवं येतं. जा तुम्ही. बसस्टॉपवर सोडायला मी येणार नाही."

शनिवारी क्लबाची बैठक होती. लायलही आला होता, काठी टेकत. मर्लने उभं राहून सांगितलं, आणि मला आजही आश्चर्य वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. कोणी तिच्यावर विश्वासच ठेवला नाही.

"मर्ल, मन मोठं आहे तुझं," लायल म्हणाला. "कपांचं चुकलंच आमचं. पण म्हणून तू स्वतःवर ओढून घ्यायची काही गरज नाही."

"मी ओढून घेत नाही. माझंच आहे."

"तुला तेव्हा सोल्डरिंग कुठे येत होतं? पिरीला शिकलीस ना तू? आगीनंतर?"

"व्हर्नने शिकवलं. त्या शेडमध्ये. आगीच्या आधी. शनिवारी तुम्ही केक खायचात, बुधवारी तो मला डाख कसा धरायचा ते सांगायचा."

लायल हसायला गेला आणि मधेच थांबला. मर्लने पिशवीतून एप्रनमध्ये गुंडाळलेलं अर्धवट पितळी इंजिन काढून त्याच्यापुढे ठेवलं. काळवंडलेलं, चाकं नसलेलं, टाकीची एक कड जोडलेली आणि दुसरी उघडी. लायलने चष्मा लावून बघितलं. त्या जातीच्या इंजिनाचे पत्रे आगीच्या सालापासून मिळेनासे झाले होते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. मग ग्रॅन्ट उठला, पक्कड घेतली आणि स्विचबोर्डवरची पाटी उपटून काढली. खिळे लांब होते, भिंतीचा गिलावाही सोबत आला.

"माझे बूट किती खराब झाले त्या आगीच्या दिवशी तुझ्या चहाने," लायल हळूच म्हणाला. दुसरं काही सुचलं नसेल त्याला.

मर्लने अध्यक्षपद सोडलं. थांब म्हणणारे दोघेचौघे होते, जा म्हणणारेही होते. तिने दोन्हींकडे लक्ष दिलं नाही. समारंभ रद्द झाला. त्या कपांचे तुकडे करून आम्ही क्लबामागच्या खड्ड्यात टाकले.

पुढच्या रविवारी आम्ही पाचसहा जण व्हर्नकडे गेलो. लायलने फाटकाबाहेरच टोपी काढली. व्हर्न फाटकाच्या आत उभा राहिला, फाटक उघडलं नाही.

"व्हर्न, गड्या, आम्ही..." लायल टोपी हातात फिरवायला लागला.

"कपांचं काय केलंत?"

"पुरले."

"सगळे? एखादा ठेवायचा होता. चहाचा कप चांगला मोठा असेल तर मला चालतो." तो हसला नाही, पण आम्हाला हसायला वाव दिला. मग म्हणाला, "वीस वर्षं होत आली. तुमच्यातला एकही जण कधी माझ्या दारी आला नाही. हीटर माझा असता तरी यायला हवं होतं." आणि आत गेला.

तो क्लबात परत आला नाही. एल्का मात्र यायला लागली, जवळजवळ दर महिन्याला. त्या हिवाळ्यात फळी काढून तिने हीटर बसवून घेतला. नातवंडं आली, त्यांची बायकापोरं आली. बाप-लेक एकमेकांशी काय बोलले ते कुणाला माहीत नाही. म्हातारा थोडा बोलका झाला होता एवढं खरं.

मर्लशी तो वर्षभर बोलला नाही. मग एके दिवशी तिच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "ते इंजिन दाखव." तिने आणून दिलं. त्याने खिडकीपाशी नेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिलं. "ही कड कच्ची आहे," म्हणाला, टेबलावर ठेवलं आणि गेला. माफ केलं असं तो कधीच म्हणाला नाही, आणि तिने विचारलं नाही. रस्त्यात भेटला की टोपीला बोट लावायचा. कधीकधी तेही नाही.

चार वर्षांनी तो गेला. झोपेत गेला, उबदार घरात. चर्चमध्ये मर्ल मागच्या बाकावर बसली. एल्काने बाहेर पडताना तिच्याकडे बघून मान हलवली. तिच्याजवळ थांबली नाही.

मी मर्लला माझ्या गाडीने घरी सोडायला निघालो. हिवाळ्याचं ऊन होतं, माळावर मेंढ्या पांगल्या होत्या. वाटेत मी विचारलं, जे विचारू नये ते.

"सांगितल्यावर हलकं वाटलं का गं?"

"नाही," ती म्हणाली. "लोक म्हणतात तसं काही होत नाही. थंडीत बसलेली हेडी आठवते, ती पोरं आठवतात. आधी आठवायचं त्याहून जास्तच आठवतं, कारण आता लपवायच्या कामात मन गुंतत नाही." तिने खिडकीची काच खाली केली. "एवढंच की इतकी वर्षं ते त्याच्या डोक्यावर होतं. आता माझ्या आहे. माझंच होतं ते."

मग तिने मला बेकरीपाशी थांबायला सांगितलं. घरात पाव नव्हता.